ढेपीचं शेवटचं पान

पुस्तक सुचवण्याची एक सभ्य रीत असते म्हणतात. समोरच्याची आवड विचारावी, दोन-चार नावं पुढे ठेवावीत, निवड त्याच्यावर सोडावी. आमच्या शामकलाताईंना ही रीत कोणी शिकवली नाही, आणि शिकवायला कोणी गेलं असतं तर त्यांनी त्यालाच उठवून घरी पाठवलं असतं. वाचनालयाच्या दारात माणूस दिसला की त्या चष्म्यावरून त्याला आपादमस्तक न्याहाळायच्या, ड्रॉवरमधून एकच पुस्तक काढायच्या आणि टेबलावर आपटायच्या.

"हा ने. वाच. नाही आवडला तं समज, खोट पुस्तकात नाही, तुह्यात हाय."

शेळीपालनाचं पुस्तक मागायला आलेल्याला हेच, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्याला हेच. एकदा तालुक्याहून कोणी साहेब तपासणीला आले आणि त्यांनी प्यायला पाणी मागितलं. त्यांनाही आधी पुस्तक मिळालं, पाणी नंतर.

मी हर्षा. माझं शिलाईचं दुकान वाचनालयाच्या बरोबर समोर आहे, त्यामुळे मला हे सगळं मशीनवर बसल्या बसल्या फुकटात बघायला मिळतं. गाव गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या अलीकडे, आडरस्त्याला. नाव सांगत नाही, मला अजून तिथेच राहायचं आहे. धानाचं गाव, आणि गावाच्या डोक्याशी भला मोठा तलाव. आमच्याकडचे मोठे शेतकरी म्हणजे तो तलाव बांधणाऱ्यांचे वंशज. पूर्वजांनी डोक्यावरून मातीच्या टोपल्या वाहून पार, म्हणजे तलावाचा बांध, बांधली. वंशज त्याच पारीवर बसून, पूर्वजांनी किती टोपल्या वाहिल्या ते सांगतात.

शामकलाताईंचं लग्न कामठ्याला झालं होतं. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, पाळणे येतात, नाटकं होतात, आणि लेकीबाळी माहेरी येतात. तशा त्याही लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या मंडईला आल्या. मंडई उठली, पाळणेवाले गेले, नाटकवाल्यांनी पडदे गुंडाळले, पण ताईंना न्यायला कोणी आलं नाही. पुढच्या मंडईलाही नाही. भांडण नाही, कोर्ट नाही, काही नाही. कोणाच्या तरी घरी राहून गेलेल्या छत्रीसारख्या त्या भावाच्या घरी राहिल्या. छत्री तरी पाऊस आला की आठवते.

भावाचं नाव गजेंद्र. तसा वाईट माणूस नाही. बहिणीला त्याने कधी "जा" म्हटलं नाही, फक्त कोणी मागितली की देऊन टाकायचा. घरातली रिकामी बाई म्हणजे फावडंच, कोणीही मागून नेतं. याच्याकडे बाळंतपण आहे, शामकलाला पाठवा. त्याच्या सासूला भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवलंय, शामकलाला पाठवा. आणि घरी असल्या की पहाटे पहिली चूल त्यांची आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर शेवटचं ताटही त्यांचंच. यात गजेंद्रच्या बायकोला, रुख्माला, काही चुकतंय असं वाटत नव्हतं. आम्हालाही वाटत नव्हतं म्हणा.

वाचनालय मंजूर झालं तेव्हा समितीला असं माणूस हवं होतं जे दिवसभर एका जागी बसेल आणि तक्रार करणार नाही. गावात रिकामं कोण? शामकला. समाजमंदिराच्या शेजारची खोली उघडली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. एका जागी बसण्याच्या बाबतीत समितीचा अंदाज बरोबर निघाला.

मग कुठूनशा एका गठ्ठ्यात ते पुस्तक आलं. वर सेंद्रिय खत, खाली थोर पुरुषांची चरित्रं, आणि मध्ये दाबून बसलेली 'ढेपी आणि तळाचा राजा'. ताईंनी ते टेबलाखाली धरून वाचलं आणि वाचता वाचता अशा हसल्या की मी धावत पलीकडे गेले. मला वाटलं बाईला झटका आला.

आता ते पुस्तक काय आहे ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून झालं. सात तलावांचा एक देश असतो. तलावांच्या तळाखाली गाळाचा राजा राहतो आणि तो पाणी पिऊन टाकतो. कोणीतरी खाली उतरून पाणी सोडवून आणायचं असतं. अशा गोष्टींत एरवी एखादी सुंदर राजकन्या निघते, तिच्या कपाळावर जन्मखूण असते, केस कमरेपर्यंत असतात आणि चिखलात उतरली तरी साडीला डाग पडत नाही. इथे निघते ढेपी. बुटकी, गोल, आवाज फाटका, तीन माणसांचं जेवते, बेडकांना घाबरते आणि झोपली की अख्खी आळी जागी राहील एवढं घोरते. तिला का पाठवतात? तिच्यात दैवी शक्ती आहे म्हणून नाही. ती गेली तर घरचं काही अडणार नाही, म्हणून. तलवार नाही, वरदान नाही, एक फावडं आणि शिदोरी. शिदोरी ती वेशीपाशीच संपवते.

खाली गेल्यावर गाळाचा राजा तिला लग्नाची मागणी घालतो. दुसरी एखादी रडली असती किंवा भाळली असती. ढेपी म्हणते, "आधी तुमचं घर दाखवा. चूल दाखवा. मग सांगते." आणि सगळा राजवाडा फिरून, नाक मुरडून, नाही म्हणते. सातव्या तलावाखाली झोपलेले झरे जागे करायचे असतात. मंत्र चालत नाहीत, ढोल चालत नाहीत. ढेपी दमून तिथेच झोपते, घोरायला लागते, आणि त्या घोरण्याने झरे उठतात. ज्या घोरण्यासाठी घरच्यांनी तिला गोठ्यात झोपायला लावलं होतं, त्याच घोरण्याने.

एवढं मी वाचलं. पुढे मंडईच्या शिवणाची घाई आली आणि पुस्तक राहिलं. ताई मला त्यावरून घालूनपाडून बोलायच्या, पण खरं सांगायचं तर मी गावातली सर्वांत मोठी वाचक होते. बाकी सगळे ताईंच्या धाकाने पुस्तक न्यायचे आणि तसंच परत आणायचे. एकाने त्याच्यावर दह्याचं गाडगं ठेवलं होतं, तो गोल डाग अजून मुखपृष्ठावर आहे. दुसऱ्याने आठवडाभर मोबाईल टेकवून त्यावर क्रिकेट पाहिलं. निम्म्या गावाने पुस्तक नेलं आणि कोणीही वाचलं नाही. ताई मात्र दर वेळी विचारायच्या, "घोरते ते जागा आली काय?" आणि माणूस "हो, मस्त आहे" म्हणून पळायचा.

खरोखर वाचायला घेतलं ते राखीने. राखी म्हणजे गोवर्धनभाऊंची मुलगी, आणि गोवर्धनभाऊ म्हणजे वाचनालय समितीचे अध्यक्ष. त्यांची जमीन थेट तुडुमाखाली. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड. तिथून निघालेलं पाणी पहिल्यांदा यांच्याच बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, शिरतं, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट आधी आपल्याकडे यावी असं त्यांना वाटतं. भाषण असो, चहा असो, की फोटोतली मधली जागा.

मंडईत आमच्याकडे पाहुणे नाटक बघायला येतात आणि मुलगीही बघून जातात. एकाच खेपेत दोन कामं. राखीला बघायला गोंदियाचे पाहुणे आले. मुलाच्या आईने पोह्यांची बशी हातात धरून विचारलं, "खाना वगैरे सब बना लेती ना?"

राखी म्हणाली, "आधी तुमचं घर दाखवा. चूल दाखवा. मग सांगते."

पाहुणे उठले. पोहे संपवून उठले, पण उठले. गोवर्धनभाऊ आत गेले, तर मुलीच्या उशाखाली अर्धवट वाचलेली ढेपी सापडली. ते पुस्तक हातात धरून ते भर मंडईतून वाचनालयापर्यंत चालत आले, आणि पाळण्यातली माणसंसुद्धा खाली वाकून बघायला लागली.

समाजमंदिरात सभा बसली. गोवर्धनभाऊंनी पुस्तक हवेत फिरवलं. "हा पुस्तक पोरी बिघडवून राहिला! आज माह्या घरी झाला, उद्या तुमच्या घरी होईन. वाचनालय बंद करा, चाबी काढून घ्या. माहा पोरगा त्या खोलीत ऑनलाइन केंद्र टाकते, गावाले काही कामाचा तरी होईन."

म्हणजे बघा, ढेपी बिघडवते हे त्यांना आज कळलं होतं, पण ऑनलाइन केंद्राचं टेबल त्यांच्या मुलाने गेल्या उन्हाळ्यातच बनवून ठेवलं होतं.

शामकलाताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "वाचला काय पन कोनी?"

पुरुषमंडळी छताकडे बघू लागली. मग चुन्नीलाल उठला. याची शेती गोवर्धनभाऊंच्या लगेच खाली, आणि दोघांचं तीन पिढ्या पटलेलं नाही. त्याने जन्मात पुस्तकाला हात लावला नव्हता, पण आपल्याला वगळलं गेलंय हे त्याला लगेच झोंबलं. "गोवर्धनभाऊच्या घरी पुस्तक गेला, माह्या घरी काऊन नाही आला? मी न पाहता सही कायले देऊ?"

"हो ना," मागून कोणी म्हणालं. "आमच्या घरी बी नाही आला."

आता इथे आमच्या गावाची एक खोड सांगायला हवी. आमच्याकडे सगळं पाणीपाळीने चालतं. तलावाचं पाणी तुडुमाखालच्या पहिल्या शेतापासून टोकाच्या शेवटच्या शेतापर्यंत ज्या क्रमाने जातं, त्याच क्रमाने लग्नाचं बोलावणं जातं, त्याच क्रमाने सत्यनारायणाचा प्रसाद, आणि कोरोनात लस आली तर तीसुद्धा लोकांनी त्याच क्रमाने टोचून घेतली. एखादं घर चुकलं तर नातवंडं एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्याकडे शेत नाही, म्हणून मला पाळीही नाही. माझं बोलावणं सगळ्यात शेवटी, "अरे, शिवणवाली राहिली" असं आठवून येतं.

गोवर्धनभाऊंना वाटलं, सगळ्यांची संमती घेऊनच वाचनालय बंद केलं तर आपलं नाव होईल. त्यांनी हात वर केला. "ठीक हाय. पानीपाळीनं फिरवू. एका घरी एक दिवस. सारे पाहून घ्या कसा घान पुस्तक हाय तो, मंग सभेत निकाल करू."

टाळ्या पडल्या. गावातलं सर्वांत न वाचलं गेलेलं पुस्तक घरोघर पोचवायचा हुकूम स्वतः अध्यक्षांनी दिला, आणि कोणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. शामकलाताई मात्र दाराच्या चौकटीला टेकून पदराने तोंड पुसत होत्या. घाम नव्हता.

पुस्तक वाहायचं काम सुकरामकडे आलं. तो गावाचा पाणकर, म्हणजे पाणी सोडणारा आणि वळवणारा. खताच्या रिकाम्या पिशवीत ढेपीला घालून तो गोवर्धनभाऊंच्या दारात गेला. भाऊ ओट्यावर होते. चार माणसं ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "मी असल्या पुस्तकाले हात लावत नाही. ठेव तिकडे." दुसऱ्या दिवशी सुकरामने पिशवी उचलली आणि चुन्नीलालकडे नेली.

चुन्नीलालकडे बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. सून वाचू लागली, सासू म्हणाली मोठ्यानं वाच. दुपारपर्यंत शेजारणी आल्या. चुन्नीलाल खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपला होता, पण ढेपी बेडकाला बघून फावड्यावर चढते तिथे खाट हलली म्हणतात. संध्याकाळी पुस्तक शेवटाला आलं. पाणी सोडवून, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली ढेपी आपल्या घरी परत येते. दार बंद असतं. ती कडी वाजवते. आतून पावलं वाजतात. दार उघडतं, आणि

आणि पुढे पान नाही. फाडलेलं.

त्या दिवसापासून गावाचं डोकं फिरलं. पुढच्या घराने चुन्नीलालवर आळ घेतला, चुन्नीलालने त्यांच्यावर. एका घराने पुस्तक सोडायलाच नकार दिला, आमचं सातव्या तलावापर्यंतच झालंय म्हणाले. मग सुकराम दारात उभा राहून, चोरून पाणी घेणाऱ्यावर ओरडतो तसा ओरडला, "पुस्तक सोडा होऽ, खालचे लोक वाट पाहून राहिले!" माझ्या दुकानात ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई हात वर करून उभी राहायची आणि म्हणायची, "मले वाटते माय रडली असन." दुसरी म्हणायची, "कायची रडते! दारच लावून घेतला असन." गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सुविचार बंद झाले आणि शेवट येऊ लागले. एकाने ढेपीचं राजाशीच लग्न लावलं, तर बायकांनी त्याला गटातून काढून टाकलं. कोणी मोबाईलवर दुसरी प्रत शोधली, तर पुस्तक उपलब्ध नाही असं आलं.

ताईंना तर रोज दहा जणी विचारायच्या. ताई एकच उत्तर द्यायच्या. "मी नाही सांगत. ज्यानं पान नेला त्याले इचारा."

मला हे सगळं फार मजेचं वाटत होतं, जोवर ताई एका दुपारी जुनी दोन पोलकी घेऊन माझ्याकडे आल्या नाहीत. बाह्या सैल करून दे म्हणाल्या. कशाला विचारलं तर समजलं की रुख्माचे काका फुलचूरला राहतात, ते पडले, कमरेचं हाड मोडलं, आता वर्ष-दोन वर्षं तरी अंथरुणावर. त्यांचं करायला बाई पाहिजे. गजेंद्रने शब्द देऊन टाकला होता. सभेत वाचनालयाची किल्ली गेली की शामकला रिकामीच, त्याच दिवशी दुपारच्या एसटीने पोचवतो म्हणाला होता.

"त्यायच्या घरी एक बी पुस्तक नाही, हर्षा," ताई म्हणाल्या. "टीव्ही हाय. थो बी म्हाताऱ्याच्या खोलीत." मग थोडा वेळ त्या माझ्या कात्रीशी चाळा करत बसल्या. "मी घाबरून राहिली. तिकडं गेली तं मी परत नाही येत. मले कोनी आनाले येत नाही, तुले त माहीतच हाय."

एवढी वर्षं समोरासमोर बसून मी या बाईला घाबरलेलं बघितलं नव्हतं. मला गजेंद्रचा राग आला, गोवर्धनभाऊंचा आला, आणि सर्वांत जास्त राग आला तो माझा, कारण इतके दिवस मी नुसती मजा बघत होते. पोलक्याची बाही मी उलटी जोडली, मग उसवून पुन्हा जोडली.

पुस्तक शेवटच्या शेतापर्यंत पोचलं आणि सभेचा दिवस आला. समाजमंदिरात एरवी पंधरा पुरुष आणि दोन कुत्री असतात. त्या दिवशी बायकांनी सगळी सतरंजी व्यापली आणि पुरुष भिंतीला लागून उभे राहिले. रुख्मासुद्धा आली होती. गजेंद्र आला नव्हता, तो घरी बहिणीची पिशवी भरत होता. मला पाळी नाही म्हणून बसायला सांगणारं कोणी नव्हतं, मी खिडकीशी उभी राहिले.

गोवर्धनभाऊ उठले. एवढी गर्दी बघून त्यांना आधीच अर्धी निवडणूक जिंकल्यासारखं वाटत होतं. "मी काही हा पुस्तक वाचला नाही," त्यांनी सुरुवात केली, "मी असल्या पुस्तकाले हात लावत नाही. पन समाजाचा इचार करा. आपल्या पोरीयनं याच्यातून काय शिकावं? थे पोरगी घरी येते. गुडघ्यावरी चिखल. माय दार उघडते..."

सतरंजीवर कोणीतरी "शूऽऽ" केलं. तान्ही पोरंही गप्प झाली.

"माय दार उघडते," गोवर्धनभाऊ म्हणाले, आणि एवढी शांतता त्यांना जन्मात मिळाली नव्हती, त्यामुळे त्यांचा आवाज आपोआप खाली आला, "माय तिच्याकडे पाहते. पोरगी सात तलाव भरून आली, जीव वाचवून आली. आन माय काय म्हनते? म्हनते, 'आलीस? बरं झालं. अंगण झाडायचं राहिलंय.' आन हातात झाडू देते."

"अगाई," चुन्नीलालची बायको की सून, कोणीतरी म्हणालं. "मंग?"

"मंग पोरगी झाडू घेते. झाडूकडे पाहते. भिंतीले टेकवून ठेवते. आन दाराच्या मधात, उंबरठ्यावर, मांडी घालून बसते. आन म्हनते..." गोवर्धनभाऊंनी इथे ढेपीचा फाटका आवाजही काढला, आणि बरा काढला, "'आधी जेवायला वाढा!'"

बायका खदखदल्या. दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. गोवर्धनभाऊही क्षणभर हसले, मग नाक पुसून खोकले. सर्दी आहे म्हणाले. मागून कोणी ओरडलं, "वाढला काय मायनं? पुढं सांगा ना, भाऊ!"

शामकलाताई दारातून दोन पावलं आत आल्या.

"पुढचा सांगतीन थे. आधी सांगा, गोवर्धनभाऊ, पान कुठं हाय?"

"कोनता पान?" भाऊ म्हणाले. "मले राखीनं सांगला."

राखी सतरंजीवरून उठली. "बाबूजी, माझं तर अर्धंच झालं होतं. तुम्ही उशाखालून ओढून नेलं तेव्हा ढेपी पाचव्या तलावात होती."

यावर गोवर्धनभाऊ काय बोलले असते कोण जाणे. पण त्यांची आई, जमुनाबाई, पहिल्या रांगेत बसली होती. म्हातारीला कमी ऐकू येतं, म्हणून ती सगळं मोठ्यानं बोलते. "बंडीच्या आतल्या खिशात पाह्य, बापा. रोज गोठ्यात जाऊन वाचून राहिला तू. काल जुनी बंडी धुवाले टाकत होतास, म्याच पान काढून या बंडीत ठेवला."

भाऊंचा हात नको म्हणत म्हणत खिशापाशी गेला. पान निघालं. चौपदरी घडी, घडीवर मळलेलं. सभेत पुरावा म्हणून दाखवायला फाडलं होतं, असं ते सांगू लागले. ते कदाचित खरंही असेल. पण पुरावा कोणी गोठ्यात बसून रोज वाचत नाही.

आता आमच्या गावात पाणी तोडण्यासारखं पाप नाही. खालच्यांची पाळी असताना वर बसून ज्याने पाणी अडवलं, त्याला काय शिक्षा ते शेंबडं पोरही सांगेल. गावाने एकमेकांकडे पाहिलं, आणि जे सगळ्यांच्या मनात होतं ते जमुनाबाईच बोलली. तलावाचे नियम तिच्या सासऱ्याने घालून दिलेले, त्यामुळे तिला त्यांचा पोरापेक्षा जास्त अभिमान.

"ज्यानं पाळी तोडली, त्याच्या घरी चाबी जात नाही. तुडुमाची नाही, तं हे बी नाही. बस खाली, गोवर्धन."

अध्यक्ष बसले. स्वतःच लावलेल्या पाळीत, स्वतःच पाणी तोडून, स्वतःच्या आईच्या हुकमाने बसले. ठराव कोणी मांडलाच नाही. चुन्नीलालने फक्त एक प्रश्न विचारला, "याचा दुसरा भाग हाय काय?" आणि सभा त्यावर बराच वेळ गंभीरपणे बोलत राहिली. ऑनलाइन केंद्राचं टेबल पुढे भाऊंच्या गोठ्यात ठेवलं, गुरांची ढेप ठेवायला बरं पडतं म्हणे.

शामकलाताई किल्ली कमरेला खोचून, पुस्तक काखेत आणि पान हातात घेऊन घराकडे निघाल्या. मी त्यांच्या मागे गेले. उगाचच. पोलकी द्यायची आहेत असं सांगितलं.

दारात पिशवी भरून ठेवली होती. गजेंद्र घड्याळ बघत उभा होता. सभेचं त्याला काही माहीत नव्हतं. निकाल काय लागणार हे त्याने आधीच धरून ठेवलं होतं. "झाली मीटिंग? चाल मंग, एसटीची येळ झाली. आन जाता जाता गोठ्यातला तेवढा शेन काढून दे."

ताईंनी पिशवीकडे पाहिलं. पिशवी उचलून बाजूला, भिंतीला टेकवून ठेवली. मग उंबरठ्यावर, दाराच्या बरोब्बर मध्ये, मांडी घालून बसल्या.

"आधी जेवाले वाढा," त्या म्हणाल्या.

आवाज जेमतेम निघाला. ढेपीसारखा मुळीच नव्हता.

गजेंद्र हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे. त्याने बायकोकडे पाहिलं, पण रुख्मा आताच सभेतून आली होती. ती आपल्या नणंदेकडे बघत होती, जणू ती बाई त्या घरात आज पहिल्यांदाच आली होती. मग ती आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. ताट घेऊन बाहेर आली, खाली ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला.

"बसा, बाई. वरन थंडा झाला हाय, पन वाढला तुमालेच पयले." आणि मग नवऱ्याकडे वळून, "फुलचूरले तुमीच जा आता. काका माहा हाय, आन तुमी त रिकामेच हा."

गजेंद्र पिशवीकडे बघत राहिला. तिच्यात सगळ्या बहिणीच्याच साड्या होत्या, त्याला त्या काढून आपले कपडे भरावे लागणार होते, आणि ते कुठे ठेवलेले असतात ते त्याला माहीत नव्हतं.

ताई जेवल्या. सावकाश जेवल्या, बोटं चाटून जेवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मला लपवता आलं नाही. जेवता जेवता ताईंनी ताटातल्या भाताची चार शितं वेगळी काढली, बोटाने चुरली, फाटलेल्या पानाच्या कडेला लावली आणि पान पुस्तकात चिकटवून वरून तळहाताने दाबून धरलं. मग पुस्तक माझ्या पुढ्यात आपटलं.

"तुह्या घरी पाळी नाही आली ना? हे घे. आन अर्धा सोडून आनशीन तं याद राख."

शितं ओली होती. मी पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि तशीच घरी गेले.